सगळ्यांना ठाऊक होतं

कोल्हापूर, शुक्रवार, १९११

प्रिय दिलदार,

दुकान बंद करून हे वाच. परवा आपले गिऱ्हाईक हंबीरराव घोड्यावरून पडले. आपल्या कारखान्यातल्या खोगिराचा पोटाखालचा पट्टा शिवणीत तुटला. मांडीचं हाड मोडलंय आणि पाय राहील की नाही हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. तुझी भाभी मेहमुदा ताट ठेवते आणि तसंच उचलून नेते.

अब्बा मिस्त्री असताना असं कधी झालं नाही. ज्यानं खोगीर शिवलं त्यानंच ते घोड्यावर कसून आवारात तीन फेऱ्या मारायच्या, मगच ते गिऱ्हाइकाला द्यायचं, ही त्यांची रीत. स्वतः सगळ्यांत बसून टाके घालायचे, शिवणाऱ्या केरबानं केलेली थट्टाही हसून सोसायचे. त्यांच्या जागी मी आलो आणि वेळ जातो म्हणून फेऱ्या बंद केल्या. एकानं कापायचं, दुसऱ्यानं शिवायचं, तिसऱ्यानं भरायचं, बोलायचं कुणी नाही. महिन्याला आठ खोगिरं व्हायची ती चौदा झाली. मालकांनी पाठ थोपटली आणि मी फुगलो. तू आडवा आलास तर तुला चारचौघांत नाही नाही ते बोललो. त्यावर तू काम सोडून हातकणंगल्याला गेलास आणि तिथं दुकान टाकलंस.

काल ती शिवण उलटून बघितली. दोरा भिजून कुजलेला, बोटानं ओढला तरी तुटत होता. ती केरबानं शिवलेली, म्हणून त्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "कुजलाय ते दिसत हुतं की. पर तुमीच म्हणालता, हात चालवा, त्वांड न्हाय." मग एकेकाला विचारत गेलो. कारखान्यातल्या सातही जणांना आठ दिवसांपासून ठाऊक होतं. एकाच्याही चेहऱ्यावर काही हाललं नाही. एक टाका वाकडा गेला तर अख्खी शिवण उसवणारी माणसं ही, दिलदार. त्यांना मी असं करून ठेवलं.

मालक म्हणतात, केरबाला काढ. काढणार नाही, चूक माझी आहे, असं मी आज त्यांना तोंडावर सांगितलं. माझी जागा राहते की जाते ते सोमवारी कळेल.

पण पत्र त्यासाठी नाही. आज कामावरून निघताना केरबा बोलून गेला की गेल्या आठवड्यात तो तुझ्या दुकानात आला होता आणि दोऱ्याचं त्यानं तुलाही सांगितलं होतं. ती माणसं पोटासाठी मला भितात, हे कळलं. तू तर माझा पाठचा भाऊ. आगगाडीनं तासाभरात येता आलं असतं, निदान एक कार्ड टाकता आलं असतं. तू का नाही सांगितलंस? तूही मला भितोस का? खरं काय ते लिही.

तुझाच,
इमामभाई