नकार राहू दे, नोंद नको

सोमवार, ३ मार्च

आयोवातलं हे गाव मला आवडलं. रस्ते स्वच्छ, भाडं परवडणारं, आणि डुकराच्या मांसाच्या कारखान्यातले सगळे संगणक आता माझ्या एकट्याच्या ताब्यात. मॅनेजर मार्लिस क्वाले घरून बटाट्याचं कॅसरोल घेऊन आली. म्हणाली, लाजू नकोस, किती वाळलायस, महिन्याभरात बाळसं धरशील. माझ्या आधीचा वेंडेल नोव्हेंबरात न सांगता निघून गेला. टेक्ससला गेला असेल म्हणे; मागे विचारणारं कुणी नव्हतं. त्याची खुर्ची मला मिळाली. खुर्चीच्या हातांवर चरबीचा थर आहे. साबणाने पुसली, तरी बोटं बुळबुळीतच.

मंगळवार, ४ मार्च

दुखणं सापडलं. मुख्य सर्व्हर मधूनच गुदमरतो आणि मांस कापायची लाइन थांबते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, कुणी काय मागितलं आणि कुणाला काय नाकारलं याची नोंद ठेवतो. इथे नोंदींचा पूर आलाय, आणि सगळ्या एकाच प्रोग्रामच्या. तो स्पीकर मागतो, कर्नल नाही म्हणतो, तो पुन्हा मागतो. वेंडेलने जाण्याआधी सुरक्षेचे नियम कडक केले, तेव्हापासून हे चाललंय. खरकटं ताट दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवून जाणाऱ्यांची मला मनस्वी किळस येते.

मार्लिस म्हणाली, तुझं ते कर्नल-बिर्नल तू बघ बाबा, लाइन थांबली की वरचे माझं भरीत करतात.

बुधवार, ५ मार्च

रीतसर करायचं तर हा कोण, कशासाठी मागतोय ते शोधून परवानगी द्यायची. पण वेंडेलच्या घाणीत हात कोण घालणार? मी नियमाची एक ओळ लिहिली: नकार राहू दे, नोंद नको. पूर ओसरला, लाइन सुरळीत. मार्लिसने खूश होऊन हिरव्या जेलीत थरथरणारे हॅमचे तुकडे आणले. सगळ्यांदेखत गिळावे लागले.

गुरुवार, ६ मार्च

माझ्या टेबलाच्या वर हवेचा झरोका आहे, त्यातून वास येतो. खवट, गोडसर, घशात बसणारा. बाहेर बर्फ आहे, तरी कॉफीत माशी पडली. मार्लिस म्हणाली, एवढं नाजूक नाक घेऊन कारखान्यात आलास कशाला? झरोक्यापलीकडे चार नंबरची शीतखोली आहे. गारवा बंद, आत टाकाऊ चरबीचे ड्रम, एप्रिलमध्ये उचलतील. तिथे कुणी जात नाही.

शुक्रवार, ७ मार्च

तो प्रोग्राम कसला ते अखेर पाहिलं. चार नंबरच्या घंटेचा. आत कुणी अडकलं तर बटण दाबायचं, घंटा माझ्या खोलीतल्या स्पीकरवर वाजते. परवानगी मिळेपर्यंत तो मागत राहतो. पण सुरुवात बटण दाबल्याशिवाय होत नाही, आणि जुन्या नोंदींत ते पुन्हा पुन्हा दाबलं गेलंय. मध्ये थांबून, दम खाऊन. नोव्हेंबरापासून.

चरबीने बटण अडकत असणार. परवानगी दिली तर ते दिवसभर माझ्या कानाशी घंटा बडवेल. उद्या कारखाना बंद आहे; जाऊन वायरच कापतो.

शनिवार, ८ मार्च

आत आहे. दार मागे लागलं. आतली मूठ ओढली तर हातात आली, मेणासारखी बुळबुळीत. भिंती पोलादी, फोन लागत नाही. वही खिशात होती.

ड्रमांमागे वेंडेल आहे. टेक्ससला गेलाच नाही. गळ्यात ओळखपत्र, म्हणून कळलं. बाकी काही ओळखण्यासारखं—

उलटी झाली. पुन्हा झाली.

त्यानेही हेच बटण दाबलं असणार. त्याच्याच नियमाने घंटा अडवली. पण निदान नोंद होत होती. माझी तीही होणार नाही. मीच तशी ओळ लिहिलीय.

दाबतोय. दाबतोय तरी.

रविवार बहुतेक

बोट सोललंय. वास आता तोंडात चवीसारखा. सोमवारी लाइन छान चालेल. मार्लिस म्हणेल, हाही गेला न सांगता.

फोन विझत आला. उजेड ड्रमांमागे टाकला. ओघळ आहे. वेंडेल नाही.

ओघळ दाराकडे येतो. माझ्याकडे.

अंधारात बटण चाचपलं. आधीच दाबलेलं आहे. माझ्या बोटांवर दुसरी बोटं आहेत, मऊ, ओली, सालासारखी सुटणारी. माझ्याकडून दाबून घेतायत. हात काढायला गेलो तर त्यांनी—