रेघांच्या कागदाची पट्टी

आदरणीय करीमचाचा,

तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले. काल तुमच्या चाळिसाव्याला जानेफळला आले होते. चाचींनी आग्रहानं जेवू घातलं, तुमची कात्री दाखवली, आणि मी मात्र "फार चांगले होते चाचा" एवढंच पुटपुटून परतीची एस.टी. पकडली. खरं सांगायचं ते राहूनच गेलं. ते तुम्हालाच सांगायचं होतं, म्हणून आज वर्गाच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसले आहे.

आठवतं ते माझं मॅट्रिकचं वर्ष? बाबांचा खोकला हटत नव्हता. मेहकरचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा जानेफळच्या दवाखान्यात येत, चिठ्ठी लिहून देत आणि तुम्ही, कंपाउंडर, औषध बनवायचात. बाटली आमची घरची. तिच्यावर डिंकानं कागदाची पट्टी चिकटवायचात, कात्रीनं खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक डोस. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, पण पट्टी बरोबर समजायची.

औषध आणायचं काम माझं. परीक्षेची धास्ती घेतली होती. एका दुपारी सहज घोटभर पिऊन पाहिलं. लाल, गोड. थोड्या वेळानं धास्ती कुठल्या कुठे! मग रोज एक घोट, पुढे दोन. महिन्या-दोन महिन्यांत अशी गत झाली की ते नाही मिळालं तर डोळ्यांतून पाणी, अंग मोडून येई, आणि पुस्तक नुसतं समोर उघडं.

बाटलीतलं औषध कमी झालेलं दिसू नये म्हणून मी काय करावं? तुमची पट्टी भिजवून काढली आणि स्वतःची कापून खळीनं चिकटवली. खाचा जवळजवळ, म्हणजे उरलेल्या औषधात डोस तेवढेच. भूमितीत हुशार ना मी! बाबांच्या वाट्याचा प्रत्येक डोस लहान होत गेला, आणि ते बिचारे खाच पाहून निमूट पीत राहिले.

मग एका शुक्रवारी रिकामी बाटली तुमच्या हातात दिली. तुम्ही ती खिडकीशी नेऊन पाहिलीत. मला बाकावर बसवून ठेवलंत आणि सगळे पेशंट गेल्यावर विचारलंत, "पोरी, माहा कागद कोरा असते. याच्यावर रेघा काऊन हायेत?"

कागद माझ्या वहीतला होता. मी रडतरडत सगळं सांगितलं, पाया पडले, बाबांना सांगू नका म्हणाले.

"मी नाही सांगनार," तुम्ही म्हणालात. "तूच सांगशीन. मी ओट्यावर बसतो."

किती राग आला होता तुमचा! असं दुसऱ्याच्या जिवावर बेतलेलं ओट्यावर बसून ऐकायचं? पण तुम्ही खरंच सोबत आलात, बाहेर टेकलात, आणि मला आत जावंच लागलं.

मी सांगितलं, बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले वाटे, माहाच रोग वाढून राह्यला." तेव्हा कळलं, आपले दिवस भरले असं समजून त्यांनी माझ्यासाठी दुसरबीडचं स्थळ पक्कं करत आणलं होतं. परीक्षेआधीच लग्न उरकणार होते. माझ्याच कात्रीनं मी माझी मॅट्रिक कापत होते, चाचा.

तेव्हा तुम्ही आत आलात. उद्यापासून औषध एका दिवसाचंच मिळेल, रोज हीच नेईल आणि हीच बाबांना पाजेल, म्हणालात. आई घाबरली. "हिच्याच हातात?" तिनं विचारलं.

"हो, हिच्याच," तुम्ही म्हणालात.

डॉक्टरांना सांगून तुम्ही गुंगी न आणणारं औषध लिहून घेतलंत. ते पंधरा दिवस माझे फार वाईट गेले. रोज बाटली घेताना तुम्ही माझा चेहरा पाहायचात आणि आज काय वाचलंस एवढंच विचारायचात. बाबांचा खोकला उतरला, दुसरबीडचं स्थळ मागे पडलं, मी पास झाले.

पुढे गावालाच नियम लावलात. उरलेलं औषध परत आणायचं, ते दवाखान्यामागे ओतायचं, शाळेच्या पोरांच्या हाती एका दिवसापेक्षा जास्त द्यायचं नाही. लोक म्हणाले, चाचा वयानं खडूस झाले. तुम्ही ऐकून घेतलंत, माझं नाव कधी घेतलं नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. इतके आजारी होतात, तर सुलतानपूरला एक कार्ड का नाही टाकलंत? मी धावत आले असते. आणि वीसेक मैलांवर असून मी तरी कधी आले? तुमच्यामुळे शिकले, हे तोंडावर एकदाही म्हटलं नाही. ते आज म्हणते. तुमचे उपकार आहेत माझ्यावर.

आज शाळेत नववीतल्या एका मुलीच्या दप्तरात पुडी सापडली, तिच्या आजोबांच्या झोपेच्या गोळ्या. ती मैत्रिणींनाही देत होती. माझा हात उठला होता, चाचा. मग तुमची खिडकीशी धरलेली बाटली आठवली. तिला जवळ बसवलं, विचारलं, ऐकलं.

उद्या शाळा सुटली की तिच्या घरी जाणार आहे. मी काही सांगणार नाही, तीच सांगेल. आणि तिचं बोलून होईपर्यंत मी ओट्यावरून हलणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
देवरावांची सुमन
सुलतानपूर