विमानाच्या नाकाला झेंडू

निपाणी,
दसरा, १९४०

प्रिय अण्णा,

तू पुण्याहून सुट्या भागांत पाठवलेलं, पिसासारख्या हलक्या बाल्सा लाकडाचं छोटं विमान मी बांधलं. फासळ्या खळीनं चिकटवल्या, वर पतंगाहून पातळ कागद बसवला. तुझ्या हवाई दलाच्या अर्जावर सही करायला आप्पांची एकच अट होती, "आधी ते उडवून दाव."

परवा तंबाखूच्या वखारीपुढे मी पंख्याचं रबर पिळून ते सोडलं. विमानानं नाक वर केलं, क्षणभर थबकलं आणि शेपटीवर आपटलं.

"माझं पोरगं बी असंच पडणार व्हय?" आप्पा म्हणाले.

काल खंडेनवमीला आईनं विळा-तराजूबरोबर विमानही पूजलं आणि त्याच्या नाकाखाली टपोरा झेंडू बांधला. मी अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं.

"व्हय गं बी. ए. बाई, पण फूल काढायचं न्हाय," ती म्हणाली.

आज त्या फुलासकट विमान वखारीच्या कौलांवरून पलीकडे गेलं! शेपटी जड होती; झेंडूच्या वजनानं तोल साधला. मी हे सांगायला तोंड उघडणार, तोच आप्पांनी हात जोडले. "देवीनं लेकराला पदरात घेतलं गं! आण तो अर्ज."

अण्णा, सत्यासाठी तुरुंगात जायची माझी तयारी आहे. पण मी मुकाट्यानं दौत पुढे केली.

सही झाली. आता तू चालवशील त्या प्रत्येक विमानाला झेंडू बांधावास, असं पत्र आप्पांनी मला लिहायला सांगितलंय. ते उद्या टपालात टाकीन. हे टाकणार नाही. तू खरं बोलणारा माणूस, घरी येऊन त्यांना तोल समजावशील.

तुझी,
उद्यापासून पुन्हा सत्यनिष्ठ,
वेणू