परड्यातली खारी माती

कळंबा,
२० ऑगस्ट १९९९

ती. अव्वास, भूमिकाचा शरणार्थ वि. वि.

पंचमीला माहेरी आले आणि डोकं फिरवून परतले. कृष्णाकाठची जमीन, थुंकलं तरी उगवतं म्हणतात, आणि आपल्या परड्यात मधोमध तो बोडका तुकडा! पंचमीच्या दुसऱ्या दिवशी कुदळीनं असा बडवला की माझे तळहात फुटले. दोडका जळला, शेवगा जळला, साधं गवत धरत नाही.

अण्णा असता तर परड्याची ही दशा झाली नसती. तीन वर्षं झाली तो गोव्याला निघून गेल्याला. बायको नीट वागली असती तर गेला असता का? वहिनीला हे मी तोंडावर बोलले, पुन्हाही बोलेन. पिशवीभर माती तपासायला आणली आहे.

तुझी लाडकी (तूच म्हणतेस),
भूमिका

कुरुंदवाड,
२६ ऑगस्ट १९९९

चि. सौ. भूमिका हीस अनेक आशीर्वाद.

तळहातांना खोबरेल लाव. तुला लहानपणापासून दिसेल ते खणायची खोड आहे. एवढ्या परड्यात चार हात जागा ओसाड राहिली तर कुणी उपाशी मरत नाही. माती टाकून दे.

निर्मलाला बोल लावू नको. ती पहाटे उठून किराणा दुकान उघडते म्हणून माझ्या ताटात भाकरी पडते. जावईबापूंना आशीर्वाद. माझ्यावर रुसू नये, ही विनंती.

तुझी,
अव्वा

कळंबा,
२ सप्टेंबर १९९९

ती. अव्वास शरणार्थ.

तपासणी आली. मातीत नुसतं मीठ! तपासणाऱ्यानं विचारलं, बाई, ही समुद्रकाठची काय? कुणीतरी पोत्यानं ओतलंय. दुकानाच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत, हे मी सांगायला नको. आधी नवरा घालवला, आता जमीन मारली! झिंज्या धरून चावडीवर नेईन तिला.

इथला खणकाम करणारा गुंडू चार गडी घेऊन बारा तारखेच्या रविवारी येतोय. तो म्हणाला, पुरुषभर खणून माती भाईर काढल्याबिगर ह्ये सुधारायचं न्हाय. मीही येते. आता अडवू नकोस.

तुझी,
भूमिका

कुरुंदवाड,
६ सप्टेंबर १९९९

चि. भूमिका,

गुंडूला थांबव. हे वाच आणि चुलीत घाल.

मीठ मी ओतलं. आपल्यात माणूस गेलं की खड्ड्यात बसवतात, अंगावर भस्म आणि मीठ घालतात. तू लिंगायताची लेक, तुला मीठ म्हटल्यावर कळायला हवं होतं.

त्या दिवशी तुझा अण्णा, सोमशेखर, पिऊन आला. निर्मलाच्या पोटात लाथा घातल्या, मग केसांना धरून तिचं डोकं हौदात दाबलं. मी ओरडले, पाया पडले. तिचे हातपाय झाडायचे थांबले तेव्हा मुसळ उचललं. पहिला घाव घातला तशी त्यानं वळून मला अव्वा म्हणून हाक मारली. तरी दुसरा घातला.

गोबरगॅससाठी खड्डा काढलेलाच होता. ओढत नेलं, बसवलं. तिला शुद्ध नव्हती. मी सांगितलं म्हणून तिला अजून वाटतं तो गोव्यात आहे. माझं पोर होतं गं ते. जंगम नाही, मंत्र नाही, निदान मीठ तरी कमी पडू नये म्हणून दुकानातली सगळी पोती ओतली. तेच चुकलं.

आता तू ठरव.

अव्वा

कळंबा,
१० सप्टेंबर १९९९

अव्वा,

गुंडूला नको म्हणून कळवलं. पत्र जाळलं.

दोन दिवस तुला शिव्या दिल्या. ज्यानं मला खांद्यावर बसवून नरसोबाच्या वाडीला नेलं, त्याच्या डोक्यात तू मुसळ घातलंस. पोलिसांत जायचं म्हणून घराबाहेर पडले. वाटेत इथल्या कळंबा जेलची भिंत लागली. तिच्याआड तू बसलेली डोळ्यांसमोर आलीस आणि तिथूनच मागे फिरले. तुझं तोंडही बघू नये असं वाटतं.

पण तीन वर्षं वहिनी दुकानात जी वाट बघते ती नवऱ्याची नव्हे, माराची. मी तिला त्याच्यावरून टाकून बोलले की ती खाली मान घालून आधी दरवाजाकडे बघते. हे मला काल उमगलं.

रविवारी एकटीच येते. आल्याबरोबर दोघी मिळून तिला सांगू, तो कधीच येणार नाही म्हणून. ती हसली तर मला तिचा गळा धरावासा वाटेल. तेवढं तू मला आवर.

लोभ ठेव असं लिहीत नाही. आता आपल्या दोघींनाही तो ठेवावाच लागणार.

भूमिका