हंगामी आजोबा

ती. ताईस,

धाकट्याचा प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम. तुझं पत्र पोचलं. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं भाऊजी गॅलरीतल्या गॅलरीत उरकतात हे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही. माझं ठीक आहे. खोकला आहे, पण तो आता घरातलाच झाला, त्याची वेगळी चौकशी नको. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण एवढंच की मध्यंतरी मी आजोबा झालो. (घाबरू नकोस. मूलबाळ नसलेला विधुर माणूस या वयात आजोबा कसा होतो ते खाली सविस्तर लिहितो. जे झालं ते सगळं चर्चच्या देखरेखीखाली झालं आहे.)

आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले आहेत. वयाने तरुण, अंगाने काटकुळे, समोरचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. (तू म्हणशील, याला माणसाचे आधी दातच दिसतात. जन्मभर कवळ्या केल्यावर दुसरं काय दिसणार? उपासनेत मंडळी गायला लागली की कुठल्या बाकावरून माझं काम ऐकू येतंय ते मी डोळे मिटून सांगतो.) आधीचे पाळकसाहेब उपदेश करून घरी जायचे आणि आम्हीही घरी जायचो, कुणाची काही तक्रार नव्हती. या नव्यांना माणसं जोडायची हौस. आल्याआल्या त्यांनी जोडप्यांसाठी वर्ग काढला. त्यात नवराबायकोंनी समोरासमोर बसून एकमेकांचं ऐकून घ्यायचं होतं. आमचा फर्निचरवाला आणि त्याची बायको तिथून जे न बोलता घरी गेले ते आठवडाभर बोलले नाहीत. पण पाळकसाहेब खचणारे नव्हेत. पुढच्याच रविवारी त्यांनी दुसरी सेवा जाहीर केली. ज्या घरात मुलं आहेत पण आजीआजोबा जवळ नाहीत, त्या घराला मंडळीतला एखादा एकटा म्हातारा नाहीतर म्हातारी जोडून द्यायची.

आता माझी बसायची जागा पंख्याखाली. त्या दिवशी पंखा असा सुटला होता की गीतांच्या पुस्तकाची पानं आपली आपण उलटत होती. बटणाजवळच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांना ‘कमी करा’ असं खुणावायला मी हात वर केला, आणि नेमके त्याच क्षणी पाळकसाहेब म्हणत होते की ज्यांच्या मनात प्रभूने ही इच्छा घातली आहे त्यांनी संकोच न करता हात वर करावा. सगळ्या चर्चमध्ये हात एकच, तो माझा. टाळ्या झाल्या. मागच्या बाकावरच्या शिंपीणबाईंनी डोळे पुसले. मी ‘पंखा, पंखा’ म्हणत होतो ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि पंखा होता तसाच फिरत राहिला.

माझ्या वाट्याला आलं ते घर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं. मितभाषी, हाताला कायम वंगणाचा वास. (त्याचे वडील त्याच्या लहानपणीच गेले.) बायको दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते, त्यामुळे ती कुणाशीही बोलताना आधी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूकडे बघते. एक तान्हं बाळ, त्याला अजून दात नाहीत, सबब त्याच्याबद्दल मला मत नाही. आणि एक मुलगी, दुसरीतली, खालच्या बाजूचा एक दात हलत असलेली. तिला मी फौजदार म्हणतो. पहिल्या रविवारी जेवायला गेलो, तर मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून पाठीमागे उशी, बाजूला उशी, पायाखाली उशी असा पक्का बंदोबस्त केला. पाण्याचा ग्लास उचलायला हात पुढे केला तरी घरातलं कुणीतरी धावत यायचं. मग फौजदार समोर स्टूल ओढून बसली.

“तुम्ही खरे आजोबा आहात?”

“नाही. हंगामी.”

“म्हणजे?”

“म्हणजे कायम नाही. काम पसंत पडलं तर ठेवतात, नाहीतर जा म्हणतात.”

तिने हे फार गंभीरपणे घेतलं आणि लगेच परीक्षा सुरू केली. शीळ वाजवता येते का? (येत नाही, कवळी माझीही आहे.) बुटाची नाडी एका हाताने बांधता येते का? जिच्या शेवटी कुणीही काहीही शिकत नाही अशी गोष्ट येते का? ही शेवटची मात्र मला आली. आपले बाबा शेजाऱ्याची सायकल म्हणून स्वतःचीच सायकल परत करून आले होते, ती सांगितली. फौजदार इतकी हसली की आतल्या खोलीत बाळ जागं झालं. मी कामावर कायम झालो नाही, पण मुदत वाढली.

तेव्हापासून माझ्यामागे शुक्लकाष्ठच लागलं म्हण. आई कामावर असली की मुलीला शाळेतून आणायचं, चित्रातला घोडा हा घोडाच वाटतो असं सांगायचं, बाळाला मांडीवर घेऊन हलायचंही नाही. दुपारची माझी झोप गेली. वाचनालयातली पुस्तकं वाचल्याशिवाय परत गेली. हे सगळं मी पाळकसाहेबांच्या कानावर घालणारच होतो, पण रोज काही ना काही निघायचं.

एवढ्यात त्यांनी कुटुंब रविवार ठरवला. जोडलेल्या प्रत्येक घराने, आजीआजोबांसह, पुढे येऊन एक गीत म्हणायचं आणि आजोबांनी प्रार्थना करायची. मला सूर नाही हे तुला माहीत आहे. मी नुसते ओठ हलवायचे असं आमच्यात ठरलं होतं. पण फौजदाराने घरच्या फोनवरून एक फोन केला. कुणाला? तिच्या आईच्या वडिलांना, म्हणजे खऱ्या आजोबांना. हे गृहस्थ शाळेत कवायतीचे मास्तर होते आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या गावी एकटेच राहतात. लेकीच्या घरी त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं ते एका कारणामुळे. सगळ्यांना घेऊन ते आपली गाडी चालवत होते आणि ती फाटकाच्या खांबाला धडकली. कुणाला लागलं नाही. पण जावयाने खाली उतरून, रस्त्यावर माणसं जमलेली असताना, त्यांच्या हातातून चावी काढून घेतली आणि म्हणाला, “बाबा, आता पुरे.” मास्तर त्याच पावली बसने परत गेले. लेक फोन करायची, ते हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. अशा माणसाला नात सांगते की आम्हाला चर्चमधून दुसरे आजोबा मिळाले, आणि ते रविवारी आमच्याबरोबर गाणार आहेत!

मास्तर रविवारी सकाळी हजर. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, पहिला बाक. लेक त्यांना बघून जागच्या जागी थिजली, जावई बाळाचं दुपटं नीट करण्यात गुंतला. आमच्या घराचा पुकारा झाला. पाळकसाहेब म्हणाले, “आणि आता आजोबांनी पुढे यावं.” आम्ही दोघेही उठलो. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. मी बसायला लागलो तर मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, “चला हो. बघू तरी.” फौजदार मधे, आम्ही दोन बाजूंना. मास्तरांना सूर असेल-नसेल, आवाज होता. ते मला हरवायला गात होते, आणि मी तर नुसते ओठ हलवत होतो. शेवटच्या कडव्याला त्यांनी मैदानावर हुकूम देतात तसा वरचा स्वर लावला आणि त्यांची वरची कवळी सुटून समोरच्या फुलांच्या कुंडीत पडली.

ताई, ती माझ्या हातची नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. हिरडी झिजलेली, पकड गेलेली, केव्हाच सांगायला हवं होतं कुणीतरी. मंडळी गात होती, बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. पण मास्तरांनी तोंड घट्ट मिटलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखतो. माझ्या खोलीत आरशासमोर पहिल्यांदा दात काढून बसलेल्या किती माणसांच्या डोळ्यांत ते पाहिलं आहे. गीत संपलं. मी एक पाऊल पुढे सरकून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “आपण प्रार्थना करू या. सर्वांनी डोळे मिटावेत.”

इतकी लांब प्रार्थना आमच्या चर्चमध्ये कुणी केलेली नसेल. आधी पाळकसाहेब, मग चर्चचे पंच, मग आजारी, मग प्रवासात असलेले. मागे मास्तरांची कुंडीत खुडबुड चालूच. मग मी आग विझवणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, समुद्रावरच्या खलाशांसाठी केली (इथून समुद्र कुठल्या कुठे आहे), भाऊजींच्या फिरण्यासाठीही केली. विषय संपले तेव्हा पंख्याबद्दल आभार मानले. तान्हं बाळ कंटाळून रडायला लागलं. शेवटी मागून ओळखीचा ‘टक’ आवाज आला आणि मी आमेन म्हणालो. डोळे उघडून बघतो तर फौजदाराचे आधीपासून उघडेच. तिने माझ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि एक अक्षर बोलली नाही. या पोरीच्या पोटात गोष्ट राहते हे त्या दिवशी कळलं.

दुपारी मास्तर लेकीच्या घरी न जाता माझ्याकडे आले. दारातच म्हणाले, “माती गेलीय आत. कचकच होतंय.” माझं जुनं सामान माळ्यावरून काढलं, कवळी धुतली, आतून भर घालून नीट बसेल अशी करायला घेतली. दात तोंडात नसताना माणसाला रुबाब करता येत नाही. ते बोळक्या तोंडाने म्हणाले, “चावी मी दिली अशती हो. मला शुद्धा कळत होतं. मागायची तरी.”

 कवळी पॉलिश करायच्या आधी मी लिफ्टवाल्याला बोलावून घेतलं आणि जे ऐकलं ते जिन्यातच त्याला सांगितलं. म्हटलं, मी हंगामी माणूस, माझा राग आला तर काढून टाक, पण हे ऐक.  तो आत जाऊन मास्तरांसमोर खाली बसला आणि म्हणाला, “बाबा, मी मागायला हवी होती. तुम्हाला काही झालं असतं तर हिला काय सांगू, या भीतीने हिसकावली.” मास्तरांनी हात पुढे केला. जावयाला वाटलं आशीर्वाद देतायत, त्याने डोकं वाकवलं. ते माझ्याकडून कवळी मागत होते. ती बसवून, जबडा दोनदा मिटून बघून मग म्हणाले, “गाडी विकली मी. कधीच. चल, बाळ बघू दे.”

ते गेले आणि मी सामान आवरून ठेवलं. खरा माणूस आल्यावर हंगामी माणसाने जागेवरून उठावं, हा साधा शिष्टाचार आहे. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना भेटून माझा राजीनामा तोंडी दिला. ते म्हणाले, दुसरं घर बघू. मी म्हटलं, बघू नका. घरी येऊन झोपलो. झोप लागली नाही, पण ते हवेमुळे असेल.

संध्याकाळी फौजदार आईला घेऊन दारात. आईने काही विचारायच्या आत हिनेच सुरुवात केली की तुम्ही सोडलं का म्हणून. मी म्हटलं, तुझे आजोबा आले ना आता. तर ती म्हणते, “ते आईकडचे. आजोबा दोन असतात, माहीत नाही का? बाबांकडची जागा रिकामीच आहे.” आई माझ्या कोपराकडे नाही, तोंडाकडे बघत होती. म्हणाली, “काका, हिने पाळकसाहेबांनाही हेच सांगितलंय. ते हो म्हणाले.” तर असं माझं न विचारता ठरलं आहे. माझ्या दुपारच्या झोपेचा विचार कुणीच केलेला नाही. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

भाऊजींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तू विणून पाठवलेला स्वेटर मिळाला. ढगळ होतो, पण त्यात मी आणि बाळ दोघे मावतो.

आणखी ता. क. खरं म्हणजे याच्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो आणि तेच राहिलं. तू माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस, खिडकीला पडदे लावलेस, मी कायमचा येणार म्हणून भाऊजींनी पुस्तकांची फळी ठोकली. ताई, मी येत नाही. ती खोली कुणाला तरी भाड्याने दे. रागावू नकोस. रागावलीस तरी ये, चार दिवस राहा, आणि इथे येऊन रागाव.

अगदी शेवटचं. हे लिहिताना फौजदार शेजारी बसून आहे. कुणाला लिहिताय म्हणाली. म्हटलं, माझ्या बहिणीला. मग ती माझी कोण? म्हटलं, आत्याआजी. ती बराच वेळ हिशेब करत होती. आता विचारते आहे की आत्याआजीला शीळ वाजवता येते का. मी हो म्हणून बसलो आहे, तेव्हा येण्याआधी सराव कर.