कोरिनच्या पाळीतलं शून्य

एरी, १९ फेब्रुवारी

प्रिय व्हर्ना,

तुम्ही सगळे बरे असाल अशी आशा आहे. इथे तळ्यावरचा बर्फ अजून हललेला नाही, आणि माझा गुडघा त्याच्याच बाजूने आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

कोरिनच्या हाताचं चर्चमध्ये कळलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली म्हणाले. तुझ्या पोरीने त्या कोंबड्या कापायच्या कारखान्यात जायलाच नको होतं, असं लिहिणार होतो. पण तिला तिथे जायची वेळ कुणी आणली, ते तू जाणतेस. निम्मंच जाणतेस, खरं तर.

बेकरी ठीक चालली आहे. काउंटरवरचा तो कार्डाने पैसे घ्यायचा स्क्रीन आहेच. गिऱ्हाईक दोन डोनट घेतं, मुलगी स्क्रीन त्याच्याकडे फिरवते. टिप अठरा, वीस की पंचवीस टक्के? खाली बारीक अक्षरांत ‘टिप नाही’. लोक चिडतात. “पिशवीत दोन डोनट टाकायचे पंचवीस टक्के?” हे मला नाही विचारत, समोरच्या पोरीला विचारतात. मी आपला आत भट्टीपाशी.

कोरिन माझ्याकडे काउंटरवर होती, तेव्हा बाकीच्या पोरींच्या कामाच्या पाळीत टिपा यायच्या, कोरिनच्या पाळीत शून्य. मी ठरवून टाकलं की ही लोकांकडून रोख मागते आणि खिशात घालते. शनिवारी, भरल्या दुकानात, तिला चोर म्हटलं आणि एप्रन काढायला लावला. ती एवढंच म्हणाली, “मामा, माझे खिसे बघ.”

मी बघितले नाहीत.

नंतर तिने नोकरी मागितली होती त्या पाळणाघराच्या बाईंचा मला फोन आला, मुलगी कशी आहे म्हणून. मी सांगितलं, विश्वास ठेवू नका. ती नोकरी योगायोगाने दुसऱ्या कुणाला मिळाली असं तू समजत होतीस. मीही तुला तसंच समजू दिलं.

गेल्या आठवड्यात म्हाताऱ्या मिसेस नोवाक राय ब्रेड घ्यायला आल्या. स्क्रीन पुढे आला तशा गोंधळल्या. मी नेमका भट्टी सोडून काउंटरपाशी आलो होतो. म्हणाल्या, “तुझी भाची बरी होती रे. स्क्रीन वळवायच्या आधी स्वतःच ‘नाही’ दाबायची. म्हणायची, आजी, ते पैसे आम्हाला मिळतच नाहीत, तुम्ही कशाला देता?”

खरं आहे ते. टिपा नव्या भट्टीच्या हप्त्यांत जात होत्या. कोरिनने मला एकदा विचारलं होतं, मी ‘पुढच्या महिन्यापासून देतो’ म्हणालो होतो. बाकीच्या पोरी विचारायला घाबरायच्या. मिसेस नोवाकना मी ब्रेडचे पैसे नको म्हणालो. त्यांनी नाणी मोजून ठेवली आणि गेल्या.

काल पाळणाघरात जाऊन त्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जागा शरद ऋतूतच भरली म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आणि आता त्या हाताने ती तान्ही मुलं कशी उचलणार?”  

हे पत्र कोरिनला वाचून दाखव. चोरी मी करत होतो, हे तिच्या कानावर माझ्याच शब्दांत पडू दे. माफ कर असं तिला म्हणायची माझी लायकी नाही, आणि तिने माफ केलं नाही तरी मी समजून घेईन.

तुला वाटेल, निदान स्क्रीन तरी काढला असेल. नाही काढला. भट्टीचे हप्ते ऑगस्टपर्यंत आहेत.

ज्याने खिसे बघितले नाहीत, तो
तुझा भाऊ
एमेट