शिंगांच्या आवाजावर

नुओरो, २६ ऑक्टोबर १९८३

ती. प्रेदूदादास गाविनाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

आईला वेगळं पत्र लिहिलंय, हे तू एकट्यानं वाच. रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून घरी न येता थेट वरच्या कड्यावर गेले. रानएडक्यांच्या झुंजी सुरू झाल्यात. बाबांची युक्ती केली, दगडाआड बसून दोन शिंगं एकमेकांवर आपटली. कोण झुंजतंय ते बघायला दोन दांडगे एडके आले आणि मागे सरून असे भिडले की माझे दात झिणझिणले. कॅमेरा डोळ्याला लावला तोच गोळी सुटली. कानाजवळचा दगड फुटला. मी तासभर पालथी पडून होते. अजून वर्गात फळ्यावर लिहिताना मागे बाक आपटला की मी खाली वाकते.

गावातला प्रत्येक चोरटा शिकारी तुला ठाऊक आहे. कोण होता ते शोध. टकरीचा एक तरी फोटो मला हवाच, सहा तारखेच्या रविवारी पुन्हा जाणार. स्वतः उंदराला भितोस, तेव्हा मला शहाणपण शिकवू नकोस.

तुझी लाडकी,
गाविना

२९ ऑक्टोबर

चि. गाविनास आशीर्वाद.

कोण होता मला ठाऊक नाही. असल्या चौकशा केल्या की इथं रात्रीत विचारणाऱ्याच्या मेंढरांचे गळे कापले जातात. तू जायचं नाहीस. मला जेवण जात नाही म्हणून आईनं कडू काढा पाजला. बाकी क्षेम.

प्रेदू

नुओरो, १ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

एवढा घाबरट कधीपासून झालास? भीती मलाही वाटते. पण झुंजी संपल्या की वर्षभर वाट बघायची. या वेळी शिंगं जोरात आपटीन, म्हणजे एडके लवकर येतील आणि मी लवकर परतेन. आईला यातलं काही बोलू नकोस.

गाविना

३ नोव्हेंबर

गाविना,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देऊन बस सुटेपर्यंत मी थांब्यावरच उभा राहणार आहे.

गोळी मी झाडली. खालून धुकं चढत होतं, शिंगं वाजली, मी नुसत्या आवाजावर नेम धरला. बाबांमागे कुणी शिंगं वाजवील हे डोक्यातच आलं नाही. नजरेला पडल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे त्यांनीच मला थोबाडीत मारून शिकवलं होतं. मग खोकला ऐकू आला. तुझा खोकला मी झोपेतही ओळखीन. तू जिवंत आहेस एवढं कळलं आणि मी पळालो, तुझ्याजवळ आलो नाही. गोळीपेक्षा याचीच जास्त लाज वाटते.

बंदूक दरीत टाकली. पण त्या रानात मी एकटा नसतो, आणि धुक्यात सगळेच आवाजावर झाडतात. तुझ्या पाया पडतो, शिंगं वाजवू नकोस. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण त्या घालायला जिवंत राहा.

तुझा दादा

नुओरो, ७ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

काल गेले नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं, दाराला आतून कडी लावली, आणि कुणाच्या भीतीनं लावली हे लक्षात आल्यावर खूप रडले. इतके दिवस भीती परक्या माणसाची होती, त्याला शिव्या तरी देता येत होत्या.

आईला सांगणार नाही. नाताळला घरी येईन. थांब्यावर घ्यायला येऊ नकोस, रानाकडेची ती वाट तुझ्याबरोबर चालणं अजून जमायचं नाही. आईला घेऊन दारात उभा राहा.

माझी माया आटलेली नाही. माझी भीती जाईपर्यंत तुझीही माया राहू दे.

गाविना